सिग्मा थीटा टाऊ: नर्सिंगच्या ऑनर सोसायटीचे सदस्यत्व घेतल्यानंतरचा अनुभव

मी ज्या रुग्णालयात नोकरी करते, तेथील शिक्षण विभागाने अलीकडेच माझा खर्चभरपाईचा अर्ज परत पाठवला. ‘सिग्मा थीटा टाऊ’ (थोडक्यात सिग्मा) या गुणवंत परिचारिकांच्या ऑनर सोसायटीची वर्गणी हा व्यावसायिक संघटनेच्या सदस्यत्वाचा खर्च धरता येत नाही, असा एका ओळीचा शेरा त्यावर होता. अमेरिकन नर्सेस असोसिएशनची वर्गणी चालते आणि सिग्माची चालत नाही, हे कोणत्या नियमाने, याचे उत्तर त्या विभागात कोणालाही देता आले नाही. त्या वादासाठी जे कागद गोळा करावे लागले, त्यांतून या सदस्यत्वाचा जमाखर्च आपोआप मांडला गेला. बी.एस.एन. (अमेरिकेतील नर्सिंगची पदवी) करणाऱ्या आपल्याकडच्या मुलींकडून ‘निमंत्रण आले आहे, पैसे भरू का?’ हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून तो जमाखर्च येथे सविस्तर लिहीत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मी महाराष्ट्रात जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका) केले, अमेरिकेत आल्यावर एनसीएलईएक्स ही परिचारिकेच्या परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन काही काळ न्यू जर्सीतील एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात, काम केले आणि त्याच काळात आर.एन. (परवानाधारक परिचारिका) ते बी.एस.एन. हा अभ्यासक्रम पूर्ण केला. शेवटच्या वर्षी सिग्माचे निमंत्रण आले. सध्या सदस्यत्वाचे दुसरे वर्ष चालू आहे.

आपल्याकडे विद्यार्थी परिचारिकांची संघटना म्हटले की एस.एन.ए. (स्टुडंट नर्सेस असोसिएशन) आठवते. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या छत्राखाली १९२९ पासून चालत आलेल्या त्या संघटनेत गुणांची अट नाही. प्रवेश घेतला की वर्गणी भरायची आणि स्पर्धा, अधिवेशने, रांगोळ्या यांत सर्वांनी मिळून भाग घ्यायचा. सिग्माचा पाया याच्या अगदी उलट आहे. इंडियाना विद्यापीठाच्या नर्सिंग प्रशिक्षण शाळेतील सहा विद्यार्थिनींनी १९२२ मध्ये ही संस्था काढली, मुख्यालय आजही इंडियानापोलिसलाच आहे आणि पदवीच्या पातळीवर प्रवेश मिळण्यासाठी निम्मा अभ्यासक्रम पूर्ण, किमान ३.० जी.पी.ए. (चारपैकी सरासरी गुण) आणि वर्गातील वरच्या ३५ टक्क्यांत स्थान, एवढे सगळे एकाच वेळी जमावे लागते. यांतली खरी चाळणी ३५ टक्क्यांची आहे, कारण ज्या वर्गात बहुतेकांचा जी.पी.ए. ३.० च्या वर असतो, तेथे दुसऱ्या अटीने कोणीच गळत नाही. एक बाब मात्र मान्य केली पाहिजे की हे निमंत्रण मार्कांवर येते, ओळखीवर नाही. उच्चार ऐकून आपल्याला जोखणाऱ्या या देशात ती गोष्ट लहान नव्हे.

आता वर्गणीचा विषय. यावर मी गरजेपेक्षा अधिक बोलते असे घरी म्हटले जाते, पण मला तोच मुद्दा कळीचा वाटतो. सिग्माची वर्गणी दरवर्षी भरावी लागते. तिचे दोन हिस्से असतात, एक आंतरराष्ट्रीय संस्थेचा आणि दुसरा ज्या महाविद्यालयाच्या चॅप्टरमधून आपण आत आलो त्या चॅप्टरचा, म्हणजे स्थानिक शाखेचा. पहिल्या वर्षी इंडक्शनचा, म्हणजे सदस्य करून घेण्याच्या समारंभाचा, खर्च धरून माझे शंभर डॉलरच्या पुढेमागे गेले. एनसीएलईएक्सच्या परीक्षेचे शुल्क २०० डॉलर आहे आणि त्या परीक्षेतून परवाना मिळतो. निम्म्या पैशांत येथे जे मिळते ते प्रमाणपत्र आणि पदवीदानाच्या झग्यावर घालायची दोरी, असा त्या वेळचा माझा हिशेब होता. दोन वर्षांच्या महाविद्यालयांत फाय थीटा कॅपा नावाची १९१८ पासूनची ऑनर सोसायटी आहे. तेथे एकदा शुल्क भरले की सदस्यत्व आयुष्यभराचे. मग पदवीच्या परिचारिकेचा सन्मान दरवर्षी नव्याने का विकत घ्यावा लागतो? मार्क एकदा मिळाले, ते दरसाल कमी होत नाहीत.

इंडक्शनच्या समारंभाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नाव पुकारले गेले, वहीत सही झाली, फोटो निघाले. जी.एन.एम.च्या पहिल्या वर्षी हातात दिवा धरून घेतलेल्या शपथेने अंगावर जसा काटा आला होता, तसा येथे आला नाही. वयही आता ते राहिलेले नाही.

सदस्यत्वाचा नोकरीसाठी काय उपयोग होतो, हा सर्वांचा पहिला प्रश्न असतो. नर्सिंग होममधून रुग्णालयात जाण्यासाठी मी अर्ज करत होते तेव्हा रेझ्युमेमध्ये सिग्माची ओळ घातली होती. मुलाखतीत त्याबद्दल एकही प्रश्न आला नाही. प्रश्न आले ते टेलिमेट्रीच्या (हृदयाच्या आलेखाच्या) पट्ट्या वाचता येतात का, रात्रपाळी चालेल का आणि एकाच वेळी दोन रुग्ण बिघडले तर प्रथम कोणाकडे जाल, असे. तरीही ही ओळ अगदी निरुपयोगी असे म्हणता येणार नाही. ज्या रुग्णालयांना मॅग्नेट हे उत्तम नर्सिंगसाठीचे मानांकन आहे किंवा हवे आहे, ती पदवीधर आणि संशोधनात रस घेणाऱ्या परिचारिका शोधत असतात. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०१० च्या अहवालाने २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका बी.एस.एन. असाव्यात असे सुचवल्यापासून पदवीला जे महत्त्व आले, त्याच प्रवाहातली ही गोष्ट आहे. कामाचा अनुभव नसलेल्या नव्या पदवीधराच्या कोऱ्या रेझ्युमेवर ती उठून दिसते. ज्याच्याकडे काही वर्षांचा अनुभव आहे, त्याच्या रेझ्युमेत ती तळाशी जाते आणि तेथेच तिची जागा आहे. नोकरी मिळेल म्हणून पैसे भरू नयेत, हे माझे मत आजही कायम आहे.

बाकीची मते मात्र पदवी हातात आल्यानंतर बदलली. विद्यार्थी असेपर्यंत सिग्माचे फायदे मला पोकळ वाटत होते, कारण संस्थेची दोन्ही नियतकालिके, म्हणजे ‘जर्नल ऑफ नर्सिंग स्कॉलरशिप’ आणि ‘वर्ल्डव्ह्यूज ऑन एव्हिडन्स-बेस्ड नर्सिंग’, महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून तशीही वाचायला मिळत होती. सदस्यांना ती ऑनलाइन उपलब्ध असतात, हे वाक्य माहितीपत्रकात वाचून मी पुढे गेले होते. पदवीनंतर काही काळाने ग्रंथालयाचे लॉगिन बंद झाले. ज्या दिवशी एका लेखाचा सारांश दिसला आणि पूर्ण लेखासाठी एका दिवसाच्या जेवणखर्चापेक्षा अधिक पैसे मागितले गेले, त्या दिवशी माहितीपत्रकातल्या त्या वाक्याची किंमत कळली. मोठ्या विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयात ग्रंथालय असते, लहान रुग्णालयात बहुधा नसते आणि नर्सिंग होममध्ये तर त्याचा विचारही कोणी करत नाही. म्हणून वर्गणीचे खरे काम दुसऱ्या वर्षापासून सुरू होते, आणि नेमके तेव्हाच बहुतेक जणी नूतनीकरण थांबवतात.

येथे आणखी एक गंमत सांगितली पाहिजे, जिचा मला आनंदही झाला आणि रागही आला. आमच्या विभागात मॉनिटरच्या अलार्मचा प्रश्न गंभीर होता. दिवसरात्र इतके अलार्म वाजतात की कान बधिर होतात आणि खरा अलार्म दुर्लक्षिला जाण्याचा धोका वाढतो. इलेक्ट्रोड रोज बदलणे, त्वचा नीट पुसून घेणे, अलार्मच्या मर्यादा रुग्णाप्रमाणे ठरवणे, असे उपाय करून पाहण्याचा एक छोटा प्रकल्प आम्ही हाती घेतला आणि इतरांनी काय केले हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले. सर्वाधिक उपयोग झाला तो सिग्माच्या ऑनलाइन भांडाराचा, ज्याला नर्सिंगच्या सिद्धांतकार व्हर्जिनिया हेंडरसन यांचे नाव दिलेले होते. जी.एन.एम.च्या पहिल्या वर्षी त्यांच्या १४ मूलभूत गरजा पाठ केलेल्या असल्याने ते नाव पाहून बरे वाटले. परिषदांत मांडलेली पोस्टर्स, प्रबंध, लहान रुग्णालयांतील सुधारणा प्रकल्प, म्हणजे मोठी नियतकालिके जे छापत नाहीत ते सगळे येथे सापडते, आणि आमच्यासारख्या विभागाला तेच हवे असते. मात्र हे भांडार सर्वांसाठी विनामूल्य खुले आहे. सदस्य असा वा नसा, एक पैसाही लागत नाही. ज्याच्यासाठी वर्गणी सार्थकी लागली असे मी म्हणणार होते, ते वर्गणीशिवायच मिळते! ज्यांना निमंत्रण आलेले नाही किंवा ज्यांनी पैसे भरलेले नाहीत, त्यांनीही ते अवश्य वापरावे. अगदी सांगली-मिरजेतील एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीलाही प्रबंधाच्या वेळी ते उपयोगी पडेल.

परवान्याच्या नूतनीकरणासाठी न्यू जर्सीत दर दोन वर्षांनी ३० तासांचे निरंतर शिक्षण दाखवावे लागते आणि त्यांतला एक तास ओपिऑइड औषधांवरचा असावा लागतो. सिग्मा सदस्यांना काही अभ्यासघटक विनामूल्य देते. रुग्णालयात असणाऱ्यांना हे तास नोकरीच्या ठिकाणीच फुकट मिळून जातात, त्यामुळे त्यांना याचे अप्रूप वाटणार नाही. नर्सिंग होम किंवा होम केअरमध्ये काम करणाऱ्यांना मात्र ते तास बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून विकत घ्यावे लागतात. तेथे वर्गणीचा बराच भाग वसूल होतो. मी नर्सिंग होममध्ये असते, तर एवढ्या एका कारणासाठी नूतनीकरण केले असते.

आणि अनुदान. १९३६ मध्ये या संस्थेने ॲलिस क्रिस्ट मॅलोन यांना संशोधनासाठी ६०० डॉलर दिले. अमेरिकेत नर्सिंगच्या संशोधनाला पैसे देणारी ही पहिली संस्था मानली जाते. परिचारिकेने डॉक्टरांचे आदेश पाळावेत, प्रश्न विचारू नयेत, असे मानले जाण्याच्या त्या काळात कोणीतरी तिच्या प्रश्नाला पैसे दिले, हे मला मोठे वाटते. आजही संस्थेची आणि अनेक चॅप्टरांची लहान अनुदाने असतात. त्यांसाठी अर्ज करणारे फार नसतात, असे आमच्या चॅप्टरच्या एका सभेत ऐकले. वर्गणी दरवर्षी का, या माझ्या तक्रारीचे निम्मे उत्तर येथे मिळते. सन्मान एकदाच होतो, पण ज्या निधीतून दुसऱ्या कोणाचे काम उभे राहते तो दरवर्षी भरावा लागतो. तरीही माझी निम्मी तक्रार शिल्लक आहे. सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी पुस्तक न बदलणाऱ्यालाही तेवढीच पडते, तसे हे आहे. अर्ज न करणाऱ्या, लेख न वाचणाऱ्या, सभेला न जाणाऱ्या सदस्याला या पैशांतून काहीही मिळत नाही आणि संस्था ते आपणहून आणून देत नाही. रात्रपाळी करणाऱ्या, घरी लहान मूल असलेल्या बाईला संध्याकाळी सहाच्या सभेला जाणे किती जमणार, हा विचारही पैसे भरण्यापूर्वी करावा.

खर्चभरपाईच्या वादाचा शेवट असा झाला. सिग्माचे निरंतर शिक्षणाचे घटक, नियतकालिकांचा प्रवेश आणि अलार्मच्या प्रकल्पासाठी मी केलेला त्यांचा उपयोग असे सगळे कागद जोडून अर्ज पुन्हा दिला. विभागप्रमुख बाईंनी पाठिंब्याचे पत्र दिले. शिक्षण विभागाने आंतरराष्ट्रीय संस्थेचा हिस्सा ‘शैक्षणिक साहित्य’ या सदराखाली मंजूर केला आणि चॅप्टरचा हिस्सा नाकारला. क्लिनिकल लॅडरमध्ये, म्हणजे परिचारिकांच्या बढतीच्या गुणपद्धतीत, मात्र सदस्यत्वाचे गुण मिळाले नाहीत, कारण त्या नमुन्यात ते ‘पुरस्कार’ या रकान्यात येते आणि त्या रकान्याला गुण नाहीत. चॅप्टरच्या एखाद्या समितीवर काम केले तर ‘नेतृत्व’ या रकान्याचे गुण मिळतात. तेव्हा ज्यांना लॅडर चढायचा आहे, त्यांनी नुसते सदस्य न राहता समितीत नाव घालावे आणि त्याचे पत्र मागून घ्यावे.

निमंत्रण आले की ते कोणाचे आहे हे आधी पाहावे. गुणवंत विद्यार्थी म्हणून अभिनंदन करणारी, भारदस्त नावांची आणि सोनेरी शिक्क्यांची पत्रे येथे घाऊक येतात. मलाही आली होती. ऑनर सोसायट्यांचे निकष ठरवणारी असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज ही संस्था १९२५ पासून आहे. तिच्या यादीत नाव आहे का, आपल्या महाविद्यालयात चॅप्टर आहे का आणि निमंत्रणामागे तेथील प्राध्यापक आहेत का, एवढे पाहिले तरी बहुतेक पत्रे केराच्या टोपलीत जातात. असोसिएट (दोन वर्षांची) पदवी करणाऱ्यांना सिग्मा लागू होत नाही. त्यांच्यासाठी अल्फा डेल्टा न्यू ही वेगळी ऑनर सोसायटी आहे.

भारतातून शिकून आलेल्यांसाठी एक बारकावा. विद्यार्थी म्हणून नव्हे तर काम करणारी परिचारिका म्हणून ‘नर्स लीडर’ या मार्गानेही सिग्मात येता येते, पण त्यासाठी किमान पदवी लागते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आणि उल्लेखनीय काम दाखवू शकणाऱ्या परिचारिकेला त्या मार्गाचा विचार करता येईल. केवळ जी.एन.एम. झालेल्यांना तो मार्ग नाही, त्यांना माझ्यासारखी पदवीची पायरी चढावीच लागते.

ज्यांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे आणि ज्या पुढे एम.एस.एन. (नर्सिंगची पदव्युत्तर पदवी) करणार आहेत, त्यांनी बी.एस.एन.च्या वेळचे निमंत्रण निर्धास्तपणे सोडून द्यावे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा चौथा हिस्सा पूर्ण झाला आणि जी.पी.ए. ३.५ असला की पुन्हा पात्रता येते. तोपर्यंत प्रबंधाचा विषय ठरलेला असतो, अनुदानाचा अर्ज कशासाठी करायचा हे ठाऊक असते आणि वर्गणी भरायला पगारही असतो.