वेव्हचं परमिट विकणारी 'ताई' आणि आमचे १,३०५ डॉलर

१,३०५ डॉलर. आकडा आधीच सांगते, कारण आमच्या घरात अजून कोणी तो मोठ्याने उच्चारत नाही. ॲरिझोनातल्या अप्पर अँटिलोप कॅन्यन या घळीची पाच तिकिटं, ९० प्रमाणे ४५०. तिथल्याच पेज गावातल्या घराच्या तीन रात्री, २१५ प्रमाणे ६४५. 'परत मिळणारं' डिपॉझिट १५०. आणि तिकिटांवरची नावं बदलायचे माणशी १२ प्रमाणे ६०. यातलं काहीच मिळालं नाही. बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला, लाखाच्या वर गेला, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

ही सहल त्यांच्यासाठीच होती. बाबांनी शिरूरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी पोरांना घेऊन निघोजला जायचे, कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे दाखवायला. पाणी आणि वाळू मिळून दगड कसा कोरतात हे फळ्यावर कळत नाही, हात लावून बघायला लागतं, असं म्हणायचे. आईबाबा एप्रिलमध्ये आमच्याकडे डॅलसजवळ आले तेव्हाच मी ठरवलं होतं, यांना तांबडे दगड आणि त्या घळी दाखवायच्याच. मेमोरियल डेचा लाँग वीकेंड, २४ ते २७ मे २०२४. विमानाने लास वेगास, तिथून गाडीने सेंट जॉर्ज, कॅनाब आणि पेज. एका बाजूने साधारण पावणेतीनशे मैल.

अँटिलोप कॅन्यन नावाहो या मूळ अमेरिकन लोकांच्या जमिनीवर आहे, अप्पर आणि लोअर असे त्याचे दोन भाग. १२ ऑगस्ट १९९७ ला दूर कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी लोअरमध्ये घुसलं आणि अकरा पर्यटक गेले. आज कोणालाच गाइडशिवाय आत सोडत नाहीत. परवानाधारक टूरवाले मोजकेच, त्यामुळे लाँग वीकेंडच्या जागा केव्हाच भरतात. आईचे गुडघे दुखतात, लोअरमध्ये उभे लोखंडी जिने आहेत, म्हणून आम्हाला अप्परच हवं होतं. तेही दुपारच्या सुमाराचं, कारण उन्हाचे झोत वरून तेव्हाच आत उतरतात. मी एप्रिलच्या मध्यावर शोधायला लागले. सगळीकडे 'सोल्ड आउट'.

मग आमच्या इकडच्या देशी ग्रुपवर पोस्ट दिसली. सासूबाईंची तब्येत अचानक बिघडली, भारतात जावं लागतंय, सगळं बुकिंग मूळ किमतीत देतोय. त्याच तारखा. अप्परची साडेअकराची पाच तिकिटं, पेजमध्ये तीन बेडरूमचं घर आणि 'द वेव्ह' या लाटेसारख्या खडकाकडे जायचं दोघांचं परमिट. मेसेज केला तर उत्तर मराठीत आलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, पण अस्सल आपलं मराठी. 'अगं बिनधास्त विचार गं.' प्रोफाइल आठ वर्षं जुनं, त्यावर मंगळागौरीचे फोटो, गणपतीच्या आराशीचे फोटो, आमच्या ओळखीतल्या दोघी तिच्या यादीत. ज्यांना वाटतंय की मी काही न बघता पैसे दिले, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी बघितलं होतं. त्या बाईचं खातं कोणीतरी दोन महिन्यांपूर्वी बळकावलं होतं आणि ती बिचारी स्वतःच ते परत मिळवायला धडपडत होती, हे मला नंतर कळलं. जुनं प्रोफाइल बघून विश्वास ठेवू नका. चोरांना जुनीच खाती लागतात.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही कानशिलं तापतात.

वेव्हचं परमिट विकता येत नाही. हे मला माहीत होतं. तिथे दिवसाला जास्तीत जास्त ६४ माणसं सोडतात, लॉटरी लागते, अर्जाचे ९ डॉलर नंबर नाही लागला तरी परत मिळत नाहीत. आणि ज्याच्या नावाचं परमिट, तो माणूस स्वतः ओळखपत्र घेऊन हजर असावा लागतो. मी स्वतः दोनदा लॉटरी भरली होती, दोन्ही वेळा हात चोळत बसले. म्हणजे ही बाई जे विकूच शकत नाही ते विकायला बसली होती, आणि माझ्या ते लक्षात आलं. लक्षात आलं नाही असं नाही. मी तिला लिहिलंसुद्धा, 'ताई, वेव्हचं परमिट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, तुम्ही ते पोस्टमधून काढा, उगाच कोणीतरी तक्रार करेल.'

लगेच उत्तर आलं, 'अय्या, हो का? बरं झालं सांगितलंस, मला खरंच माहीत नव्हतं. थँक्यू गं.' आणि पाच मिनिटांत पोस्टमधून ती ओळ गायब.

तिथेच मी फसले. मला वाटलं, बाई भोळी आहे, प्रामाणिक आहे, चूक दाखवली की सुधारते. मी तिला मदत केली, आता ती मला का फसवेल? एक वस्तू खोटी आहे हे कळल्यावर बाकीच्याही खोट्या असतील हा साधा विचार मनात यायला हवा होता. तो आला नाही, कारण त्या क्षणी मी तिच्यापेक्षा शहाणी ठरले होते आणि ते मला आवडलं होतं. मी हे शंभर वेळा उगाळलंय. फोनवर बोलूया म्हटलं तर 'हॉस्पिटलमध्ये आहे गं, आत फोन चालत नाही' असं उत्तर आलं. तेही मी मान्य केलं. आजारी सासूबाईंपुढे कोण हट्ट धरणार?

१७ एप्रिलला १,०९५ डॉलर, १८ ला १५०, ३ मेला ६०. तिन्ही वेळा फोनवरून थेट बँकेतून बँकेत. क्रेडिट कार्डाने देऊ का म्हणून मी विचारलं होतं, तर म्हणाली तिच्याकडे ती सोय नाही. ज्याच्याकडे कार्डाची सोय नाही त्याच्याकडून प्रवासाचं काहीही घेऊ नका, तो कितीही आपला वाटला तरी.

तिकिटांची पीडीएफ आली. वर कोपऱ्यात राष्ट्रीय उद्यानांचं चिन्ह, बाणाच्या टोकाच्या आकाराचं, त्यात पांढरा गवा, झाड, डोंगर. मी ते मोठं करून बघितलं, छान वाटलं, पाच प्रती छापल्या. अँटिलोप हे राष्ट्रीय उद्यान नाही! ती नावाहो लोकांची स्वतःची जागा आहे, राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पासही तिथे चालत नाही, हे मीच बाबांना जेवताना समजावून सांगितलं होतं. त्या कागदावर गव्याचं काहीच काम नव्हतं.

२४ तारखेला पेजला पोचेपर्यंत आठ वाजून गेले होते. अंधार पडलेला, मुलगी मागच्या सीटवर झोपलेली. दिलेल्या पत्त्यावर घर होतं, फोटोतलं नव्हतं. कुलपाचा कोड टाकायला कुलूपच दिसेना. बेल वाजवली तर एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, दिवा लावला, आमच्या बॅगांकडे बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच मान हलवली. त्या महिन्यात त्यांच्या दारात आलेलं आमचं तिसरं कुटुंब. त्यांनी आईला पाणी दिलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

गावात एक खोली शिल्लक नव्हती. परत चौऱ्याहत्तर मैल मागे कॅनाबला गेलो. दोन खोल्या, दोन रात्री, १,०१२ डॉलर. हे वरच्या १,३०५ मध्ये धरलेले नाहीत.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पेजला गेलो. घर खोटं निघालं तरी तिकिटं खरी असतील, असं मी सगळ्यांना सांगत होते. (कॅनाब युटात आहे, उन्हाळ्यात तिथलं घड्याळ पेजच्या एक तास पुढे असतं. टूर पेजच्या वेळेनुसार चालतात. नियोजन करताना हे लक्षात ठेवा.) काउंटरवरच्या नावाहो मुलीने माझा कागद घेतला, क्षणभर बघितला आणि त्या गव्यावर बोट ठेवलं. एवढंच. मग हळू आवाजात म्हणाली की हे चिन्ह आमच्याकडे नसतंच. रद्द झालेली एखादी जागा मिळते का बघायला तिने आम्हाला अर्धा तास थांबवून घेतलं, आपल्याकडून दोन फोन केले. पाच जागा मिळणं शक्यच नव्हतं. एक निघाली. बाबा म्हणाले, 'अगं, मी एकटा जाऊन काय करू?' आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभे राहिले. छापील कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली होती.

हॉर्सशू बेंड बघितलं, दहा डॉलर पार्किंग, तेवढं तरी खरं होतं. कठड्यापाशी बाबा बराच वेळ खाली कोलोरॅडो नदीच्या वळणाकडे बघत होते. एरवी पाचच मिनिटांत शिकवायला लागले असते, दगड तांबडा का तर त्यातल्या लोहामुळे वगैरे. नातीने दोनदा विचारलं. 'नंतर सांगतो' म्हणाले.

आता बँक. पहिल्या फोनला ४७ मिनिटं गाणी ऐकली. दुसऱ्या फोनला पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा. तिसऱ्या वेळी कळलं की पहिली तक्रार नोंदलीच नव्हती. सव्वीस दिवसांनी तीन ओळींचं पत्र आलं: व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला होता, सबब दावा नामंजूर. इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा इथला कायदा १९७८ चा. कोणी तुमच्या खात्यातून परस्पर पैसे काढले तर तो संरक्षण देतो. तुम्ही फसून स्वतःच्या बोटाने पाठवले तर बँक हात वर करते. हेच पैसे क्रेडिट कार्डाने दिले असते तर १९७४ च्या कायद्याखाली बिल आल्यापासून ६० दिवसांत हरकत घेता आली असती. हे पैसे पाठवताना कोणी सांगत नाही. पाठवायचं बटण अर्ध्या सेकंदात चालतं, तक्रारीचं पान मात्र तीनदा बंद पडतं. ज्या खात्यात पैसे गेले ते खातं त्यांना दिसतं, नाव दिसतं, तरी मला सांगायचं 'गोपनीयता'. माझी गोपनीयता कुठे गेली होती?

पोलिसांकडे गेले. इथले म्हणाले, घर ॲरिझोनात, तिकडे कळवा. तिकडे फोन केला तर म्हणाले, पैसे टेक्ससमधून गेले, तिकडे कळवा. मी दोघांनाही विचारलं की चोर कुठे आहे हे कोण शोधणार, तर दोघांनीही केस नंबर दिला. केंद्र सरकारच्या तक्रारींच्या पोर्टलवर रात्री दोन तास बसून सगळे स्क्रीनशॉट चढवले. उत्तर म्हणून एक नंबर आला. त्यालाही आता दोन महिने होऊन गेले. माझ्याकडे आज चार नंबर आहेत आणि एकाही नंबरामागे माणूस नाही. रक्कम लहान आहे असं एक अधिकारी मला म्हणाला. तीन कुटुंबं एका महिन्यात एका दारात! कितींनी मिळून ती मोठी होते?

सगळ्यात जास्त राग ग्रुप चालवणाऱ्यांचा आला. मी सावध करणारी पोस्ट टाकली, ती तासाभरात काढली. कारण काय, तर ग्रुपची बदनामी होते. चोराची पोस्ट पाच आठवडे वर होती, तेव्हा बदनामी होत नव्हती.

अँटिलोपला जाणार असाल तर नावाहो नेशनच्या उद्यान खात्याच्या संकेतस्थळावर परवानाधारक टूरवाल्यांची यादी आहे, त्यातूनच थेट बुकिंग करा. जागा नसेल तर नाही जायचं, तारीख बदलायची. झायन राष्ट्रीय उद्यानातल्या एंजल्स लँडिंगच्या चढाईलाही २०२२ पासून परमिट लागतं, तेही कोणी 'देतोय' म्हणालं तर विषय तिथेच संपवा. घराचे फोटो उलटे शोधून बघा. मी घरी आल्यावर शोधले तेव्हा ते दुसऱ्याच राज्यातल्या, विक्रीला काढलेल्या एका घराचे निघाले. चार मिनिटं लागली. आणि मराठीत बोलतो म्हणून कोणी आपला होत नाही, हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लिहितेय.

नवरा म्हणतो, विसर आता. विसरले असते. पण परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तीच पोस्ट पुन्हा दिसली, शब्द न् शब्द तसाच. फक्त सासूबाईंच्या जागी वडील आजारी आहेत, तारखा लेबर डेच्या आहेत, आणि वेव्हचं परमिट पुन्हा विकायला काढलंय.