कॉम्प्युटर अचानक रिस्टार्ट होतोय: एसएमपीएस बदलायचा की यूपीएस घ्यायचा?

काम चालू असताना स्क्रीन काळी होते आणि विंडोज पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोज स्वतःच्या घडामोडी जिथे नोंदवतं ते अ‍ॅप) ‘कर्नल-पॉवर 41’ अशी क्रिटिकल नोंद दिसली की बरेच जण नवा एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा कॅबिनेटमधला डबा) किंवा यूपीएस (लाइट गेल्यावर मशीन बॅटरीवर चालू ठेवणारा डबा) घ्यायला थेट दुकान गाठतात. पण ती नोंद एवढंच सांगते, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. कारण त्यात नसतं.

म्हणून आधी त्याच नोंदीचा ‘डिटेल्स’ टॅब उघडून ‘बगचेककोड’ (विंडोज कोणत्या चुकीमुळे कोसळलं त्याचा आकडा) बघा. तिथे 159 असेल तर झोपेत जाताना किंवा उठताना एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) अडकलाय, 278 असेल तर ग्राफिक्स कार्डाकडे किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे बघायचं. अशा वेळी यूपीएस घेऊन काहीही साधत नाही. आकडा 0 असेल तर विंडोजला काही लिहायलाच वेळ मिळालेला नाही. वीज तुटली, नाहीतर मशीन गोठल्यावर कोणी रिसेट केलं. पुढची तुलना या शून्यवाल्यांसाठी.

रिस्टार्ट नेमका कधी होतो, यावर सगळं ठरतं. पंखा मंदावला, दिवा लुकलुकला, पाण्याची मोटर सुरू झाली आणि त्याच क्षणी मशीन गेलं, तर दोष भिंतीतून येतोय, यूपीएस घ्या. गेम किंवा व्हिडिओ रेंडर सुरू केल्यावर जातं आणि घरातले दिवे स्थिर असतात, तर संशय एसएमपीएसवर. ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढू शकतं. कमकुवत एसएमपीएसचं संरक्षण तेवढ्यात सगळं बंद करतं. अशा एसएमपीएसला कितीही चांगला यूपीएस जोडा, रिस्टार्ट थांबणार नाही.

दोन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत, हे मात्र लक्षात ठेवा. घरोघरी असतो तो साधा (लाइन-इंटरॅक्टिव्ह) यूपीएस वीज गेल्यावर बॅटरीवर यायला साधारण 4 ते 10 मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवरही जवळपास 16 मिलिसेकंद तग धरतो; स्वस्त किंवा जुना झालेला धरत नाही. म्हणूनच ‘यूपीएस असूनही लाइट गेली की पीसी जातो’ ही तक्रार इतकी ऐकू येते. दुसरं कारण यूपीएसचीच बॅटरी. 600 व्हीएच्या (व्हीए म्हणजे यूपीएसवर छापलेल्या क्षमतेचं एकक) यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची असते आणि दोन-तीन वर्षांत ती दगा देते. आधीच यूपीएस असेल तर काही दिवस मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. रिस्टार्ट थांबले तर बॅटरी बदलून काम भागेल.

एसएमपीएस तपासताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग्जची स्क्रीन) किंवा सेन्सर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 12 व्होल्टची लाइन बघा. ती 11.4 ते 12.6 मध्ये असायला हवी. सॉफ्टवेअरचा आकडा ढोबळ असतो, त्यामुळे मशीन लोडवर असताना मल्टिमीटरने खात्री करा. एसएमपीएसच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी-काळी वायर जोडून पंखा फिरवण्याची युक्ती फक्त एसएमपीएस चालू होतो एवढंच दाखवते. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

एकाच गोष्टीपुरते पैसे असतील आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: आधी एसएमपीएस बदला. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीने जेवढे वॅट सुचवलेत, तेवढ्याचा तरी घ्या आणि कार्डाला विजेचे दोन सॉकेट असतील तर दोन स्वतंत्र केबल लावा. मॉड्युलर (केबल्स वेगळ्या काढता येणारा) एसएमपीएस असेल तर जुन्या केबल्स नव्याला अजिबात जोडू नका. कनेक्टर बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि हार्ड डिस्क जळते.

यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅट विचारा. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटच देतो. ऑफिसच्या मशीनला आणि मॉनिटरला तेवढा पुरतो, गेमिंगच्या मशीनला नाही. तिथे 1000 व्हीए किंवा त्याहून मोठा, शक्यतो प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्या, कारण अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (वीज सुरळीत ओढणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींवर बंद पडतात. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका.