सॅलरी कॅपची हॉकी लीग: दहा महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, मी खडकीचा. आमच्याकडे हॉकी म्हणजे धनराज पिल्ले, खडीचं मैदान आणि सोललेले गुडघे. बर्फावरची हॉकी मी टोरोंटोजवळच्या मिसिसागाला आल्यावर, वयाच्या पस्तिशीत बघायला लागलो. पहिली दोन वर्षं तर पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) कुठे आहे तेच दिसायचं नाही; लोक ओरडले की मीही ओरडायचो. त्यामुळे 2024 च्या सप्टेंबरात ऑफिसातल्या मंडळींनी फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे संघ कागदावर बांधायचे आणि त्यांच्या खऱ्या खेळावर गुण मिळवायचे अशा खेळात, बोलावलं तेव्हा मी फक्त जेवणाच्या टेबलावर तोंड उघडता यावं एवढ्यासाठी हो म्हटलं.

लीग अशी. बारा जण, प्रत्येकाचा संघ बावीस खेळाडूंचा, शिवाय दहा प्रॉस्पेक्ट, म्हणजे एनएचएलमध्ये, इथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, अजून न आलेली पोरं. एनएचएलची खरी सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची वरची मर्यादा) तीच आमची कॅप, 2024-25 साठी 88 मिलियन डॉलर. खेळाडूचा खरा वार्षिक आकडा तुमच्या खात्यावर पडतो. भागिले बावीस केलं की डोक्यामागे चार मिलियन येतात, आणि चांगला खेळाडू चारमध्ये मिळत नाही. सगळी गंमत आणि सगळा मनस्ताप या एका भागाकारात आहे. संघ दरवर्षी मोडत नाही. घेतलेला माणूस विकेपर्यंत किंवा सोडेपर्यंत तुमचाच. ॲपचे वर्षाला 90 डॉलर, बारा जणांत वाटले तर साडेसात. पैशाची तक्रार नाही. ॲपचं नाव मात्र देत नाही, कारण पुढे त्याला थोडं बोलणार आहे.

आयपीएलचा लिलाव बघणाऱ्याला ही भानगड अर्धी आधीच कळते. ऋषभ पंतला लखनऊनं 27 कोटी दिले तेव्हा त्यांची एकूण थैली 120 कोटींची होती, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा एका माणसावर. एनएचएलमध्ये हे चालत नाही. एका खेळाडूला कॅपच्या वीस टक्क्यांवर देता येत नाही, 88 मिलियनवर ती मर्यादा 17.6. आणि आयपीएलमध्ये चुकलात तर पुढच्या मोठ्या लिलावात पाटी पुसता येते. इथे आठ वर्षांचा करार केला की आठ वर्षं. खेळाडू थकला, दुखावला, मन उडालं, तरी आकडा तुमच्या डोक्यावर. 2004-05 चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या याच भांडणात बुडाला होता, त्यातून ही कॅप आली; पहिल्या वर्षी ती 39 मिलियन होती.

मी पहिली चूक प्रेमापोटी केली. टोरोंटोकडे राहतो म्हणून तिथला मेपल लीफ्स संघ माझा, आणि म्हणून त्यांचा नायलँडर हवाच, साडेअकरा मिलियनला. सगळे हसले. त्याने 45 गोल केले. लीफ्सचाच मॅथ्यूज 13.25 ला दुसऱ्याकडे गेला होता, त्याच्या दुखापती निघाल्या, 67 सामन्यांत 33 गोल. त्यामुळे डिसेंबरपर्यंत मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. ते शहाणपण नव्हतं, नशीब होतं, पण हे तेव्हा मला सांगणारा कोणी नव्हता. बायको सांगत होती, पण तिचा विषय वेगळा होता: रात्री साडेअकराला व्हॅंकूव्हरचा सामना कोण बघतं.

खरं शिकायला मिळालं ते प्रॉस्पेक्टमध्ये, आणि या लीगला मी जे काही तारे देणार आहे ते मुख्यतः त्यासाठी.

लेन हटसन नावाचा मॉन्ट्रियलचा बचावपटू आहे. 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यात, 62 वा. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. आमच्या टेबलावर त्याच्यावर दोन दिवस वाद झाला. नोव्हा स्कोशियाचा एक गडी आहे, लहानपणापासून स्केटिंग केलेला, त्याचं म्हणणं असं की एवढ्या चणीचा बचावपटू कॉलेजात चमकतो, इथे कोपऱ्यात भिंतीला चेपला की संपला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी घेतला तो काही अभ्यासानं नाही. चण बघून माणूस नाकारणं मला आवडत नाही, कारण शाळेच्या संघातून मला त्याच कारणानं काढलं होतं. हटसननं पहिल्या पूर्ण हंगामात 66 गुण (गोल अधिक असिस्ट) केले, त्यात 60 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास. नवख्या बचावपटूच्या असिस्टच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी. सर्वोत्तम नवख्याची कॅल्डर ट्रॉफीही त्यालाच. आणि किंमत? नवख्याचा पहिला करार, 0.95 मिलियन.

आता भागाकार करा. लीफ्सच्या मार्नरनं 102 गुण केले 10.9 मिलियनमध्ये, म्हणजे मिलियनमागे नऊ-साडेनऊ. हटसनचे मिलियनमागे एकोणसत्तर. याचा अर्थ हटसन मार्नरपेक्षा चांगला असा नाही. अर्थ इतकाच की हटसन तुमच्याकडे असेल तर मार्नर परवडतो. हे एकदा डोक्यात शिरलं की पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे ड्राफ्टमधली निवडीची पाळी, द्यावा की नाही यावर माणसं हमरीतुमरीवर का येतात ते कळतं. पिक म्हणजे नुसता पोरगा नव्हे, तीन वर्षांची स्वस्ताई.

हे कळल्यावर लीफ्सचं दुखणंही मला नव्यानं कळलं. 2024-25 च्या हंगामात मॅथ्यूज, नायलँडर, टवारेस आणि मार्नर या चौघांवर मिळून 46.65 मिलियन होते, 88 पैकी. निम्म्याहून जास्त. यात मूर्खपणा होताच, पण निव्वळ मूर्खपणा नव्हता. टवारेसचा करार 2018 चा, मार्नरचा 2019 चा, तेव्हा कॅप दरवर्षी वाढणार असं सगळेच धरून होते. मग कोविड आला आणि कॅप सलग तीन हंगाम 81.5 वर गोठली. पगारवाढ धरून घराचा हप्ता ठरवावा आणि पगारच थांबावा, तसं. मग उरलेल्या पैशांत स्वस्त माणसं लागतात, स्वस्त माणसं ड्राफ्टमधून येतात, आणि ड्राफ्टचे पिक तुम्ही दरवर्षी मार्चमध्ये विकून बसलेले. 2025 लाही तेच. कार्लोसाठी मिंटन आणि 2026 ची पहिली फेरी, लॉटनसाठी ग्रेबेन्किन आणि 2027 ची पहिली फेरी. जेवणाच्या टेबलावर मी या दोन्ही सौद्यांच्या विरोधात बोललो. पहिल्यांदाच कोणी मधे बोललं नाही. 18 मे ला प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, फ्लोरिडानं सातव्या, निर्णायक सामन्यात आपल्याला घरच्या बर्फावर 6-1 नं धुतलं, त्यानंतर तर कोणी काहीच बोललं नाही.

आता ॲपबद्दल.

24 जानेवारी, शुक्रवार रात्र. कोलोरॅडोनं मिको रँटानेनला कॅरोलायनाकडे पाठवलं, बदल्यात मार्टिन नेचास, ड्रुरी आणि पिक घेतले. रँटानेन माझ्या संघात होता, 9.25 मिलियनला. या सौद्यात शिकागोही होतं, आणि त्यांनी रँटानेनचा निम्मा पगार स्वतःच्या खात्यावर ठेवून घेतला. हे नियमात बसतं, पन्नास टक्क्यांपर्यंत ठेवता येतो. कॅरोलायनाच्या खात्यावर पडले 4.625. शनिवारी सकाळी चहा घेताना ॲप उघडलं तर माझ्याकडेही रँटानेन 4.625 ला! आकाशातून साडेचार मिलियन पडले. मी लगेच एक बचावपटू घेतला आणि दुपारी निवांत झोपलो.

सोमवारी लीगच्या कमिशनरनं निवाडा दिला: आमच्या नियमात खेळाडूचा पूर्ण आकडा मोजतात, कोण किती उचलतो ते नाही. ॲपनं मुकाट्यानं आकडा परत 9.25 केला आणि मी कॅपच्या वर. संघ गोठला, चोवीस तासांत खाली या, नाहीतर आठवड्याचे गुण शून्य. ॲपच्या मदत विभागाला लिहिलं. उत्तर नऊ दिवसांनी आलं, आणि त्यात मला ॲप बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं होतं. अर्धा पगार ठेवून केलेले सौदे एनएचएलमध्ये रोजचे आहेत. ज्या ॲपचा धंदाच कॅप मोजायचा, त्याला आमच्या लीगचा नियम कोणता हे एका खुणेनं ठरवता येऊ नये? पूर्वी माणसं आकडे कॅपफ्रेंडलीवर पडताळून बघायची. ती साइट 2024 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन कॅपिटल्सनं विकत घेतली आणि सगळ्यांसाठी बंद झाली. मी मात्र ॲपच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. आता स्वतःची एक्सेल शीट ठेवतो. तुम्हीही ठेवा.

तर त्या चोवीस तासांत मी पाजीकडे गेलो. पाजी म्हणजे माझ्या शेजारच्या डेस्कवरचा ब्रॅम्प्टनचा मित्र, 'हॉकी नाईट' या टीव्ही कार्यक्रमाचं पंजाबी समालोचन ऐकत मोठा झालेला, सौद्यात पक्का. त्याच्याकडे नेचास होता, साडेसहाला. मी रँटानेन दिला, नेचास आणि त्याचा पहिल्या फेरीचा पिक घेतला. कोलोरॅडोनं खऱ्यात केलं तेच जवळजवळ. पाजीनं हात मिळवताना इतकं गोड हसून दाखवलं की मला रात्रभर झोप नाही.

हिशेब मात्र माझ्या बाजूनं लागला. रँटानेन कॅरोलायनात रमलाच नाही, तेरा सामन्यांत दोन गोल. नेचासनं कोलोरॅडोत तीस सामन्यांत 28 गुण केले. मग 7 मार्चला, ट्रेडच्या शेवटच्या दिवशी, कॅरोलायनानं रँटानेनला डॅलसला दिलं आणि त्यानं तिथे आठ वर्षांचा, वर्षाला 12 मिलियनचा करार केला. पुढच्या हंगामापासून पाजीच्या खात्यावर 9.25 ऐवजी 12. कागदावर मी जिंकलो होतो. (त्याच दिवशी दुपारी पावणेतीनला ॲप बंद पडलं आणि तीन वाजून दहा मिनिटांनी उठलं. आमची मुदत तीनची. अजून दोन सौदे व्हायचे होते, ते राहिले. त्याबद्दल वेगळं लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.)

आणि मग 3 मे. प्लेऑफच्या पहिल्या फेरीचा सातवा सामना, डॅलस विरुद्ध कोलोरॅडो, तिसऱ्या सत्रात डॅलस 0-2 मागे. रँटानेननं त्या एका सत्रात तीन गोल केले, विजयी गोलाला पासही त्याचाच, 4-2. ज्यांनी विकलं त्यांचीच घरी पाठवणी. आमची लीग एप्रिलमध्येच संपली होती, या गोलांचा कोणाला एक गुण मिळणार नव्हता. तरी मी टीव्हीसमोर घरातली वस्तू हरवल्यासारखा बसलो. पाजीचा मेसेज आला. शब्द नाही, नुसता पगडीवाल्या माणसाचा इमोजी. शीट उघडून बघितली. शीटमध्ये मी अजूनही बरोबर होतो.

जखमींच्या यादीची पळवाट आमच्याही लीगमध्ये आहे. दुखावलेला माणूस बाजूला ठेवला की त्याच्या पगाराएवढी जागा मिळते. खऱ्या लीगमध्ये 2021 साली टँपानं कुचेरोव्हला पूर्ण हंगाम असं ठेवलं, प्लेऑफला कॅप नसल्यानं तो थेट तिथे उतरला, स्टॅन्ली कप जिंकला आणि '18 मिलियन कॅपच्या वर' असं छापलेला शर्ट घालून नाचला. 2025 ला फ्लोरिडानं हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात ट्काचकचं तसंच केलं आणि कपही तेच घेऊन गेले. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या नव्या करारामुळे 2025-26 पासून प्लेऑफलाही कॅप आली. आमच्या ॲपमध्ये काय येतंय ते ॲपलाच ठाऊक.

एक गोष्ट ॲपच्या बाहेरची. लीफ्सचा ईस्टन कावन माझ्या प्रॉस्पेक्टमध्ये आहे, 2023 चा 28 वा पिक. तो ज्युनियरमध्ये लंडन नाईट्सकडून (हे लंडन कॅनडातलं) खेळायचा. ते ब्रॅम्प्टनला आले तेव्हा मुलीला घेऊन गेलो. तिकीट लीफ्सच्या पार्किंगपेक्षा स्वस्त, काचेजवळ बसलो. मुलगी म्हणाली, बाबा, हा तर दादासारखा दिसतो. खरंच, एकोणीस वर्षांचं पोर. मी सहा महिने त्याला 'तुझे दोन पिक, माझा कावन' असं तोलत होतो. जूनमध्ये लंडननं ज्युनियर हॉकीचा मेमोरियल कप जिंकला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्या दिवसापासून त्याच्यासाठी आलेले देकार मी उघडतही नाही, पूर्ण अव्यवहारी आहे हे माहीत असून.

तारे: लीगला साडेचार, ॲपला दोन. नुसता सामना बघून आनंद घेणाऱ्यानं लांब राहावं; मला आता गोल झाला की आधी करार आठवतो आणि मग टाळी वाजते. आठवड्याचे चार-पाच तास जातात, मार्चमध्ये त्याच्या तिप्पट. बारा जणांत एक तरी कमिशनर असा हवा की ज्याच्याशी कोणी वाद घालणार नाही. आमची आहे, अकाउंट्समधली, निवृत्तीला दोन वर्षं.

2025-26 च्या हंगामाची कॅप 95.5 मिलियन. मार्नर व्हेगासला गेला, आठ वर्षं, बाराच्या भावानं. लीफ्सना निकोला रॉय मिळाला. हटसनचा स्वस्त करार 2025-26 पर्यंतच. पाजीला 12 मिलियन जड जायला लागलेत. गेल्या आठवड्यात त्यानं विचारलं, हटसन दे, रँटानेन घे. मी नाही म्हटलं. काल तो बायकोनं केलेले पराठे घेऊन आला आणि त्याबरोबर पहिल्या फेरीचा पिक. पराठे ठेवून घेतलेत.