पृष्ठभाग आणि पदार्थांचे संशोधन: प्रयोगशाळेत की संगणकावर?

एम.एस्सी.चे शेवटचे सत्र संपत आले की रसायनशास्त्राच्या आणि भौतिकशास्त्राच्या अनेक विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो. रेणू, पदार्थ आणि त्यांचे पृष्ठभाग यांवर पीएच.डी. करायची हे ठरलेले असते, पण ती निर्वात कक्षापाशी, म्हणजे आतली हवा काढून टाकलेल्या बंद पात्रापाशी, उभे राहून करायची की संगणकावर गणने चालवून, हे ठरत नाही. "गणित बरे असेल तर संगणक, हात चांगला असेल तर प्रयोग" असे उत्तर वडीलधारी मंडळी देतात. मी सुरुवातीची काही वर्षे प्रायोगिक कामात घालवली आणि नंतर संगणकीय कामाकडे वळलो. त्या अनुभवावरून हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण प्रायोगिक कामातही भरपूर गणित लागते आणि संगणकीय कामातही हाताची चिकाटी लागतेच. दोन्ही वाटांमधला खरा फरक चुका कोठून येतात आणि त्या कशा सापडतात, यात आहे. प्रयोग पुष्कळदा काहीच उत्तर देत नाही, तर गणन जवळजवळ नेहमीच उत्तर देते. यांपैकी कोणती अडचण आपल्याला पाच वर्षे सोसता येईल, हे ज्याने त्याने स्वतःला विचारून पाहावे.

प्रायोगिक बाजूपासून सुरुवात करतो. धातूच्या स्वच्छ पृष्ठभागावर एखादा रेणू कसा बसतो हे पाहायचे असेल, तर आधी तो पृष्ठभाग स्वच्छ राखावा लागतो आणि तेच काम सर्वांत अवघड असते. हवेचा दाब वातावरणाच्या अब्जाव्या भागापर्यंत उतरवला, तरी येऊन आदळणारा प्रत्येक रेणू चिकटतो असे धरले, तर साधारण एका सेकंदात संपूर्ण पृष्ठभागावर रेणूंचा एक थर चढतो. मोजमापाला दोन-अडीच तासांची सवड हवी असेल, तर दाब त्याच्याही दहा हजारपट खाली, म्हणजे वातावरणाच्या साधारण दहा लाख कोटीव्या भागाइतका न्यावा लागतो. त्यासाठी पोलादी कक्ष दीड-दोन दिवस सुमारे दीडशे अंश तापमानाला तापवून त्याच्या भिंतींना चिकटलेले पाणी बाहेर काढतात, आणि यालाच प्रयोगशाळेत 'बेकिंग' म्हणतात. त्यानंतर आर्गॉनच्या आयनांचा मारा करून स्फटिकाचा वरचा थर खरवडायचा, मग स्फटिक तापवून विस्कटलेले अणू पुन्हा रांगेत बसू द्यायचे, आणि हे चक्र दहा-वीस वेळा करायचे. एवढे झाल्यावर मोजमाप सुरू होते. मध्येच एखाद्या फ्लँजमधून, म्हणजे कक्षाचे भाग जोडणाऱ्या सांध्यातून, बारीकशी गळती निघाली, तर कक्ष उघडा, सांधा हवाबंद करणारे तांब्याचे गॅस्केट बदला आणि बेकिंग पहिल्यापासून करा. माझ्या पहिल्या वर्षातले तीन महिने अशाच एका गळतीच्या शोधात गेले, आणि त्या तीन महिन्यांत प्रबंधात घालण्याजोगी एकही ओळ हाती लागली नाही.

तरीही या कामाचे एक वैभव आहे, ते दुसऱ्या बाजूला मिळत नाही. झुरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बिनिग आणि रोहरर यांनी १९८१ मध्ये पृष्ठभाग अणूंच्या पातळीवर दाखवणारा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप चालवून दाखवला. त्यानंतर दोन वर्षांत सिलिकॉनच्या एका पृष्ठभागाची अणुरचना त्यांना त्यातून थेट दिसली. या पृष्ठभागाची प्रत्येक पुनरावृत्ती अणूंच्या मूळच्या मांडणीतल्या ४९ घरांएवढी असते, हे विवर्तनाच्या, म्हणजे पदार्थावरून विखुरलेल्या किरणांची नक्षी पाहण्याच्या, प्रयोगांतून वर्षानुवर्षे माहीत होते, पण तिच्या आत अणू कसे मांडलेले आहेत यावर वाद चालू होता. १९८५ मध्ये ताकायानागी यांनी इलेक्ट्रॉन विवर्तनावरून सर्वमान्य ठरलेली रचना सुचवली, आणि एवढ्या मोठ्या रचनेची पूर्ण क्वांटम गणने १९९२ मध्ये समांतर संगणकांवर शक्य झाली. इथे निसर्गाने जे दाखवले ते आधी आले आणि ते मोजायची ताकद मागाहून आली. कोणाच्याही कल्पनेत नसलेली गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांना दिसण्याची संधी प्रायोगिकाला मिळते.

संगणकीय बाजूचा पाया १९६४ आणि १९६५ मधल्या दोन शोधनिबंधांत आहे. होहेनबर्ग आणि कोन, तसेच कोन आणि शॅम यांनी दाखवले की पदार्थाची न्यूनतम ऊर्जा काढायला प्रत्येक इलेक्ट्रॉनचा स्वतंत्र हिशेब ठेवण्याची गरज नाही, तर अवकाशातल्या प्रत्येक बिंदूवरची इलेक्ट्रॉन-घनता पुरते. याला घनता-फलन सिद्धांत किंवा सरळ 'डीएफटी' म्हणतात, आणि त्यासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सिद्धांत म्हणून तो अचूक आहे. मात्र इलेक्ट्रॉनांच्या परस्पर-वर्तनाचा एक भाग त्यात अज्ञात राहतो आणि तिथे अंदाजी सूत्र घालावे लागते. संगणकीय संशोधकाच्या आयुष्यातली बहुतेक डोकेदुखी याच एका जागेतून येते.

ती कशी येते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण प्लॅटिनमचे आहे. प्लॅटिनमच्या सर्वांत दाट रचलेल्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडचे थोडे रेणू सोडले, तर प्रत्येक रेणू एकेका अणूच्या बरोबर माथ्यावर उभा राहतो, याबद्दल प्रायोगिकांत मतभेद नाहीत. प्रचलित सूत्रे वापरणारी गणने मात्र तो तीन अणूंच्या मधल्या खळग्यात बसतो, असे सांगत होती. २००१ मध्ये फायबेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या गटांची, वेगवेगळ्या प्रणालींवर केलेली गणने एकत्र मांडून दाखवले की सगळ्यांची चूक एकाच दिशेने होते. म्हणजे कोणाचा कोड बिघडलेला नव्हता आणि कोणी हलगर्जीपणाही केलेला नव्हता. रेणूमधल्या रिकाम्या कक्षकाची (इलेक्ट्रॉन येऊन राहू शकतील अशा जागेची) ऊर्जा ही सूत्रे प्रत्यक्षापेक्षा खाली दाखवतात, त्यामुळे धातूकडून त्या कक्षकात वाजवीपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन येतात आणि खळग्यातली जागा गणनात अधिक पसंत ठरते. पुढे अधिक खर्चिक पद्धतींनी योग्य जागा मिळू लागली, पण धडा कायम राहिला. अभिसरणाच्या, म्हणजे गणन अधिक बारकाईने केले तरी उत्तर बदलत नाही ना हे पाहण्याच्या, सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झालेले, दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत स्थिर असलेले उत्तर चुकीचे असू शकते आणि ते चुकीचे आहे हे संगणक सांगत नाही. अभिक्रियेचा वेग काढायचा असेल तर हे आणखी बोचते, कारण ऊर्जेच्या अडथळ्यात फक्त ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्टची (हे अणूंच्या पातळीवरच्या ऊर्जेचे एकक) चूक झाली, तरी सामान्य तापमानाला वेगाचा अंदाज जवळजवळ पन्नास पटींनी बिघडतो.

आकाराची मर्यादाही आहे. नेहमीच्या पद्धतींत अणूंची संख्या दुप्पट केली की वेळ सुमारे आठपट होतो, म्हणून काहीशे अणूंपलीकडे जाताना युक्ती लढवावी लागते. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर एक सुंदर वाट काढली. मोठ्या रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे कापायचे, प्रत्येकाचे गणन वेगळे करायचे आणि मग सगळे जोडून पूर्ण रेणूचे उत्तर शिवायचे. पद्धतीचे इंग्रजी नावही शिंपीकामावरूनच ठेवलेले आहे. अलीकडे डीएफटीच्या आकड्यांवर शिकवलेली मशीन लर्निंगची प्रारूपे लाखो अणूंपर्यंत पोहोचतात, पण ज्या आकड्यांवर ती शिकतात त्यांतली चूक ती इमानाने पुढे नेतात, हे नव्या विद्यार्थ्याने विसरू नये.

यावरून प्रायोगिक उत्तर अधिक विश्वासार्ह असते असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्याने २०२३ चा उन्हाळा आठवावा. जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने जाहीर केले की शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा 'एलके-९९' नावाचा पदार्थ सामान्य तापमानाला अतिवाहक आहे, म्हणजे विजेला अजिबात रोध करत नाही. काही दिवसांतच संगणकीय गटांनी गणने प्रसिद्ध केली. शिशाच्या जागी तांबे बसले, तर अतिवाहकतेला पोषक ठरू शकतील असे सपाट ऊर्जापट्टे (इलेक्ट्रॉनांना घेता येणाऱ्या ऊर्जांचे पट्टे) त्यात दिसले, आणि जगभर उत्साह पसरला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी पदार्थ बनवून पाहिला गेला, पण अतिवाहकता मिळाली नाही. शेवटी उलगडा झाला तो असा, की मूळ नमुन्यात तांब्याचे सल्फाइड मिसळलेले होते आणि ते १०० अंशांच्या थोडे वर स्वतःची रचना बदलते, त्यामुळे रोध एकदम घसरतो. जर्मनीत बनवलेले शुद्ध स्फटिक तर विद्युत्‌रोधक निघाले. गणनांनी गृहीत धरलेल्या रचनेबद्दल जे सांगितले ते खोटे नव्हते, आणि कोरियातल्या मोजमापातली घसरणही खरी होती. पण गणन एका पदार्थाबद्दल बोलत होते आणि मुशीत दुसराच पदार्थ होता. आपण नेमके काय मोजतो आहोत, हा प्रायोगिकाचा कायमचा प्रश्न आहे, तर आपण गृहीत धरलेली रचना खरोखर अस्तित्वात आहे का, हा संगणकीय संशोधकाचा.

दोन्ही बाजू नीट जुळल्या की काय होते, तेही सांगायला हवे. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा थरांचा पदार्थ पाण्यातून हायड्रोजन सुटा करण्याच्या कामी फारसा उपयोगी नाही, असा जुना समज होता. डेन्मार्कमधल्या गटाने २००५ मध्ये गणनांवरून सांगितले की थरांचा सपाट भाग निष्क्रिय असला, तरी त्याच्या कडांवर हायड्रोजन जवळजवळ प्लॅटिनमवर बसतो तितक्याच बेताने बसतो. दोन वर्षांनी तिथल्याच प्रायोगिकांनी सोन्यावर या पदार्थाची सूक्ष्म बेटे वाढवली, त्यांचे आकारमान बदलत नेले, मायक्रोस्कोपखाली कडांची लांबी मोजली आणि सक्रियता क्षेत्रफळाच्या नव्हे, तर कडांच्या लांबीच्या प्रमाणात वाढते हे दाखवले. असे काम ज्या गटात होते तिथे जागा मिळत असेल, तर कोणती बाजू आपली हा प्रश्न दुय्यम ठरतो.

आता व्यवहाराकडे. फेलोशिपची रक्कम दोन्हीकडे सारखीच आहे. नेट-जेआरएफला जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अतिनिर्वाताचा पूर्ण संच कोटींच्या घरात जातो, सुटे भाग परदेशातून यायला आठवडे किंवा महिने लागतात आणि यंत्र बंद असताना प्रबंधही थांबतो. इंदूरच्या इंडस-२ सारख्या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या सामाईक यंत्रावर) काम करायचे तर प्रस्ताव मंजूर होऊन तारीख मिळेपर्यंत थांबावे लागते आणि मिळालेले थोडे दिवस रात्रंदिवस जागून वापरावे लागतात. संगणकीय कामाला क्वांटम एस्प्रेसोसारखी डीएफटी गणनांची संगणक-प्रणाली फुकट मिळते, आयसर पुणे येथे 'परम ब्रह्म'सारखा महासंगणक आहे आणि शिकण्यापुरते काम घरच्या लॅपटॉपवरही होते. रांगेत टाकलेला जॉब चालत असताना माणूस दुसऱ्या गावी असू शकतो. ज्यांच्यावर घरची जबाबदारी आहे किंवा ज्यांना रात्री प्रयोगशाळेत थांबता येत नाही, त्यांच्यासाठी ही सवलत मोठी आहे आणि ती उघडपणे विचारात घेण्यात काहीच गैर नाही. नोकरीच्या दृष्टीने प्रायोगिक कौशल्य अर्धवाहक, बॅटरी, उत्प्रेरक आणि लेपन यांच्या उद्योगांत सरळ उपयोगी पडते. संगणकीय कौशल्य विषयाबाहेरही, औषधनिर्मितीपासून विदा-विश्लेषणापर्यंत चालते, आणि म्हणूनच तिकडचे बरेच लोक विषय सोडूनही जातात.

मन अगदीच दोलायमान असेल, तर माझा कल प्रयोगाने सुरुवात करण्याकडे आहे. संगणकीय पद्धती पुढे स्वतःच्या बळावर शिकता येतात, मी तसेच शिकलो. पण निर्वात कक्ष सांभाळणे पुस्तकातून येत नाही, आणि तिशीनंतर कोणी ते नव्याने हाती देईलच असे नाही. नमुना किती अशुद्ध असू शकतो हे एकदा अंगवळणी पडले, की गृहीत धरलेल्या रचनेवर आंधळा विश्वास बसत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. ज्याला इलेक्ट्रॉनांच्या वर्तनाचे सूत्रच मुळापासून सुधारायची ओढ आहे, त्याला मात्र हा सल्ला लागू नाही. त्याने सरळ सिद्धांताकडे जावे.

मार्गदर्शकांना भेटाल तेव्हा प्रायोगिक गटात असे विचारा, की मुख्य यंत्र गेल्या वर्षी किती दिवस चालू होते, त्याचा देखभाल-करार आहे का आणि बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करते. संगणकीय गटात विचारा की एका विद्यार्थ्याला वर्षाला किती संगणन-तास मिळतात आणि गटाचे निष्कर्ष कोणत्या प्रायोगिकांशी ताडून पाहिले जातात. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर तो गट टाळलेला बरा.

अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. घरी क्वांटम एस्प्रेसो बसवून सिलिकॉनचे गणन करा. जालकाची लांबी, म्हणजे अणूंच्या पुनरावृत्त मांडणीतल्या एका घराची लांबी, प्रत्यक्षाच्या एका टक्क्याच्या आत येईल, पण ऊर्जापट्ट्यांमधले अंतर १.१ इलेक्ट्रॉन व्होल्टऐवजी साधारण ०.६ येईल, आणि असे का झाले हे शोधण्यात तुमची किती रात्रींची झोप उडते ते पाहा. मग ओळखीच्या एखाद्या प्रयोगशाळेत निर्वात कक्ष उघडायचा दिवस विचारून घ्या, आणि सकाळी पहिला बोल्ट सैल करण्यापासून संध्याकाळी बेकिंगचे हीटर लावेपर्यंत तिथे मदतीला थांबा.