काँक गावासाठी आयजीएनचा १:२५,००० नकाशा

दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरोन जिल्ह्यातलं काँक हे गाव लोक बघतात ते सेंत-फ्वाच्या मठाचं चर्च आणि तिथल्या, चित्रकार सुलाजने केलेल्या खिडक्यांच्या काचांसाठी. गाव नेमकं याच उतारावर का बसलंय, हे मात्र आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा घडीचा नकाशा उलगडला की समजतं. ऊश हा ओढा एका अरुंद घळीतून येऊन दुर्दू नदीला मिळतो. संगमाच्या वर, घळीच्या उन्हाच्या बाजूला गाव चिकटलेलं आहे. समोरची बाजू सावलीची, तिथे हिरवा रंग म्हणजे जंगलच. पुढे ग्राँ-व्हाब्रपाशी दुर्दू लोत नदीला मिळते.

१ सेंमी म्हणजे २५० मीटर. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटवर सह्याद्री वाचणाऱ्यांना हा तपशील चैनीचा वाटेल: एकटं घर, क्रूस, झरा, सगळं दिसतं. गावाच्या नावाखालचा दशांश आकडा म्हणजे हजारांत लोकसंख्या, उंची नव्हे. ‘प्वेश’ म्हणजे टेकडी, ‘काँब’ म्हणजे घळ, एवढे शब्द आले तरी निम्मी भूरचना नावांतूनच वाचता येते.

हमखास चूक होते समोच्च रेषांत. आयजीएनच्या नकाशांवर सपाट भागात दोन रेषांमधलं अंतर ५ मीटर असतं, डोंगराळ भागात १०. सूची न बघता मोजलं तर चढ निम्मा किंवा दुप्पट निघतो. काँकला ही चूक महागात पडते. जीआर ६५ ही लांब पल्ल्याची पायवाट सें-मार्सेलकडून गावात तीव्र उताराने उतरते, दुर्दूवरच्या जुन्या पुलाने पलीकडे जाते आणि सेंत-फ्वाच्या छोट्या चॅपलवरून पठारावर चढते. नदीपासून हा चढ सुमारे ३०० मीटरचा, म्हणजे पाठीवर सॅक असेल तर फक्त चढायलाच तासभर धरा.

नकाशा सांगत नाही ते पायाखालचं. इथला दगड शिस्ट, घरांची छपरंही त्याच्याच पातळ लाद्यांची. पावसात हा दगड शेवाळलेल्या पायरीसारखा निसरडा होतो. झऱ्याची निळी खूण दिसली म्हणून बाटली भरू नका. ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

आवृत्तीचं सालही तपासा. २०१६ मध्ये काँक आणि शेजारच्या तीन कम्यून (फ्रान्समधल्या ग्रामपंचायती) मिळून काँक-आँ-रुएर्ग झालं, त्यामुळे जुन्या प्रतीवरच्या हद्दी चुकतात. वाटा बहुतेक त्याच आहेत. शंका आली तर झाडा-खांबावरचे वाटेच्या खुणेचे पांढरे-लाल पट्टे खरे माना, आणि त्याच रंगांची फुली दिसली तर मागे फिरा.

कागद पातळ आहे. घड्यांच्या कोपऱ्यांवर आधी फाटतो, तेव्हा हवा तेवढाच भाग बाहेर येईल अशी घडी घालून पारदर्शक पिशवीत ठेवा. फोनवर आयजीएनचं मोफत अ‍ॅप आहे, पण घळीत रेंज जाऊ शकते. कागदी प्रत घ्याच.