गोळी, पंप, ट्रॅक्शन, शस्त्रक्रिया: ‘आकारा’च्या काळजीवर नेमकं काय उपयोगी?

लिंगाचा आकार वाढवायचा विचार डोक्यात आला, की बहुतेक पुरुष थेट उपायांच्या शोधाला लागतात. मोजायचं मात्र राहून जातं, किंवा चुकीचं मोजलं जातं. लिंग ताठ असताना पट्टी वरच्या बाजूने धरा आणि ओटीपोटाखालची चरबी दाबून हाडाला टेकवा. तिथपासून टोकापर्यंत भरेल ती लांबी. मान खाली घालून पाहिलं तर लिंग आहे त्यापेक्षा आखूडच दिसतं. दुसऱ्याचं आपण समोरून पाहतो, स्वतःचं वरून. इथेच अर्धा घोळ होतो.

2015 साली 15 हजारांहून अधिक पुरुषांची, वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी घेतलेली मोजमापं एकत्र करून आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ताठ अवस्थेतली सरासरी लांबी 13.12 सेंमी आणि घेर 11.66 सेंमी निघाला. शिथिल अवस्थेतली सरासरी लांबी 9.16 सेंमी होती. शिथिल आकारावरून ताठ आकाराचा अंदाज बांधू नका, तो फसवतो. 1996 सालच्या एका अमेरिकन अभ्यासाने लांबी वाढवण्याच्या उपचारांचा विचार कुणी करावा याची मर्यादा सुचवली होती: ताणून किंवा ताठ असताना साडेसात सेंमीहून कमी. तुमचा आकडा त्याच्या वर असेल, तर पुढचं सगळं ‘गरज’ म्हणून न वाचता ‘हौस’ म्हणून वाचा. हौस वाईट नाही, पण तिच्यासाठी किती जोखीम घ्यायची हे वेगळं ठरवावं लागतं.

गोळ्या, तेलं आणि लेप यांवर फार वेळ घालवत नाही. वयात येणं पूर्ण झाल्यावर कुठल्याही गोळीने किंवा मालिशीने लिंग वाढत नाही. ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी फरक पडल्यासारखा वाटतो, कारण त्यांत न सांगता सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रामधलं ताठरतेचं औषध, मिसळलेलं असतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने असे नमुने वारंवार पकडले आहेत. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याने अशी गोळी घेतली, तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की जिवावर बेतेल.

व्हॅक्यूम पंप हे खरं वैद्यकीय उपकरण आहे, फक्त ते दुसऱ्याच आजारासाठी आहे. नळीतली हवा ओढली की लिंगात रक्त भरतं, मग मुळाशी रिंग चढवून ते तिथे धरून ठेवायचं. ताठरता येत नसेल तर हा चांगला उपाय आहे, गोळ्या चालत नाहीत अशांसाठी तर विशेष. रिंग अर्ध्या तासाहून अधिक ठेवायची नाही. पंपाने आलेली सूज काही वेळात उतरते. महिनोन्‌महिने वापरूनही कायमची लांबी मिळाल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

लांबीच हवी असेल, तर थोडाफार प्रामाणिक पुरावा फक्त ट्रॅक्शनच्या बाजूने आहे. लिंग हलकेच ताणून धरणारी ही चौकट रोज चारेक तास किंवा अधिक आणि सलग काही महिने लावावी लागते. छोट्या अभ्यासांत एक ते दोन सेंमीच्या आसपास फरक दिसला, तोही शिथिल किंवा ताणलेल्या लांबीत. कपड्यांखाली रोज चार तास खरोखर काढता येतील का, हे स्वतःला आधी विचारा. बहुतेकांचा उत्साह दुसऱ्या आठवड्यात मावळतो. पेरोनीच्या आजारात आतल्या आवरणात गाठ होऊन लिंग वाकडं होतं. तिथे मात्र डॉक्टर स्वतःच ट्रॅक्शन सुचवू शकतात.

शस्त्रक्रियेचं आकर्षण एका फटक्यात काम होण्याचं. लांबीसाठी लिंगाला हाडाशी बांधणारा अस्थिबंध कापतात. त्यामुळे आत दडलेला भाग थोडा बाहेर येतो, म्हणजे वाढतं ते लटकणं. ताठ लांबी जवळपास तेवढीच राहते, वर आधार गेल्याने ताठ लिंग डुगडुगतं किंवा खाली झुकतं. व्रण आकसला तर आधीपेक्षा आखूड झालेलेही असतात. जाडीसाठी चरबी टोचली, तर ती असमान विरघळून गाठी उरू शकतात. निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या या दोन्ही शस्त्रक्रिया सुरक्षित किंवा परिणामकारक असल्याचं सिद्ध झालेलं नाही, अशी अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनची भूमिका आहे. निरोगी, सरासरी आकाराच्या माणसाला मी हा पर्याय कधीच सुचवणार नाही.

पोट सुटलेलं असेल तर वजन कमी करा. चरबीत बुडालेला भाग बाहेर येतो, अस्थिबंध कापून घ्यावा लागत नाही.

आता ज्या पर्यायाची जाहिरात कुणी करत नाही तो: रक्तातली साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांची तपासणी आणि डॉक्टरकडे एक फेरी. ‘लहान आहे’ म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांची खरी तक्रार ‘पूर्वीइतकं ताठ होत नाही’ अशी असते. पुरेसं रक्त न भरलेलं लिंग लहान दिसणारच. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात, म्हणून रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या की कुरकुर आधी इथे सुरू होते आणि छातीतलं दुखणं काही वर्षांनी येतं. सकाळी जाग येताना ताठरता असते पण जोडीदारासोबत नसते, तर कारण बहुधा मनाचं असतं. दोन्ही वेळा नसेल तर तपासणी टाळू नका. मधुमेह, सिगारेट, काही औषधं, कमी टेस्टोस्टेरॉन यांतलं काहीही निघू शकतं, आणि या प्रत्येकावर आकाराच्या उपायांपेक्षा कितीतरी खात्रीचा इलाज आहे.

समुपदेशन हा शब्द ऐकून पुरुष दचकतात. पण आकडा सामान्य असूनही आरशासमोरून हलता येत नसेल, संबंध टाळले जात असतील, तर पंपापेक्षा तेच कामाचं. 2006 सालच्या एका मोठ्या ऑनलाइन सर्वेक्षणात 85 टक्के स्त्रिया जोडीदाराच्या आकारावर समाधानी होत्या, स्वतःच्या आकारावर समाधानी पुरुष मात्र 55 टक्केच.

डॉक्टरकडे गेलात की आकाराचं विचारायला लाजू नका, त्यांना ते रोजचं आहे. आणि त्याच भेटीत, अंडकोषात टणक गाठ लागत असेल, लिंग नव्याने वाकत असेल किंवा ताठरता चार तासांहून अधिक टिकली असेल, तर ते पहिल्या वाक्यात सांगा. शेवटचं घडत असताना मात्र भेटीची वेळ ठरवत बसू नका, सरळ आपत्कालीन विभागात जा.