भूल देणाऱ्या मॅडमना पाच तारे, वॉर्डाला दोन

रिव्ह्यू सगळे सर्जनवर लिहितात. मी भूलतज्ज्ञ मॅडमवर लिहितेय.

मुलगा आठ महिन्यांचा, एसएमए टाइप १ (स्नायू दुबळे होत जाणारा जनुकीय आजार). गिळता येत नाही, नाकातल्या नळीने दूध. आता पोटात नळी बसवायची होती. ऑपरेशन लहानसंच, धास्ती सगळी भुलेची. एका ठिकाणी तर "अशा बाळाला आम्ही भूल देत नाही" म्हणून परत पाठवलं होतं.

इथे मॅडमनी आदल्या आठवड्यात पाऊण तास दिला. फाइल नंतर उघडली. आधी बाळाचं झबलं वर करून नुसत्या बघत बसल्या. श्वास घेताना पोट फुगतं आणि छाती आत ओढली जाते, ते ह्यांना बोट लावून दाखवलं. कुठल्या कुशीवर निजवलं की लाळ घशात अडकत नाही, हे मला विचारलं. डावी, मी म्हटलं. लिहून घेतलं!

पहिल्याच पानावर लाल पेनाने: सक्सिनिलकोलीन नको. या बाळांत त्याने रक्तातलं पोटॅशियम एकदम चढून हृदय बंद पडू शकतं. स्नायू सैल करणाऱ्या बाकीच्या औषधांचा अंमलही लांबतो, म्हणून तीही टाळून मास्कमधून सेव्होफ्लुरेन देऊन झोपवायचं ठरलं. श्वासासाठी घशात घातलेली नळी काढली की लगेच बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन. त्यासाठी घरचं मशीन आणि त्याच्या मापाचा मास्क आणायला सांगितला.

आता वॉर्ड. रात्री सिस्टर म्हणाल्या, "बारानंतर काही द्यायचं नाही." केस सकाळी नऊची, म्हणजे नऊ तास उपाशी! अंगात स्नायूच कमी, त्यामुळे अशा बाळांची साखर लवकर उतरते. सगळ्या पेशंटना तेच सांगतात म्हणे. मी हटून बसले, मॅडमना फोन लावायला लावला. त्यांनी सांगितलं, काढलेलं आईचं दूध पाचपर्यंत द्या, मग ग्लुकोजचं सलाइन. केसही पहिली लावून घेतली.

साडेदहाला बाहेर आला, बायपॅपवर, डाव्या कुशीवर. रिसडिप्लामचा (एसएमएवरचं औषध) रोजचा डोसही आता पोटातल्या नळीतूनच जातो.

आयसीयूत खाटेजवळ एकच चालू प्लग होता. बायपॅप आणि सक्शन (लाळ ओढून काढायचं मशीन) दोन्ही कसं लावणार? घरून एक्स्टेंशन बोर्ड न्या.